परतीची वायर

"ब्रेक!" गाडीखालून अण्णा ओरडतात.

ड्रायव्हर पाय दाबतो. हौद्यातला दिवा जातो.

"सोड."

दिवा येतो.

"परत मार."

जातो.

सोलापूरच्या जुन्या पुणे नाक्याच्या पुढं, रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड आहे. त्याच्यासमोर आमची बोलेरो पिकअप उभी आहे आणि तिच्या मागच्या चाकांमधून दोन पाय बाहेर आलेले आहेत, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. दिवाळी होऊन आठवडा झालाय. सहा वाजून गेलेत, उजेड भराभर चाललाय आणि हायवेवरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे लावलेत. मामा जुन्या टायरवर बसलेत आणि दर दोन मिनिटांनी मनगट बघतात. शेडच्या कडेच्या लिंबाला घोडी बांधलीय, तिच्या पलीकडं वछेरी. घोडी शांत आहे. वछेरीचे कान मात्र प्रत्येक हॉर्नबरोबर फिरतात.

रात्रीत अकलूज गाठायचंय. दिवाळीच्या सुमाराला तिथं घोडेबाजार भरतो, बाजार समितीच भरवते. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश इथून गाड्याच्या गाड्या येतात. पांढरेशुभ्र नुकरे, वाकड्या कानांचे मारवाडी, काठियावाडी. तिथं सौदा नाही जमला तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा, मग नांदेडकडं माळेगावची खंडोबाची जत्रा. मामांची वछेरी पंचकल्याणी आहे. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. तिला बघायला कुणीतरी आधीच येऊन थांबलंय, असा फोन दुपारी आलाय. तेव्हापासून मामांचं सगळं गणित घड्याळावर आहे.

"गाडीतून उतरतानाच घोड्याची किंमत ठरते," मामा मला तिसऱ्यांदा सांगतात. "थरथरत, घामेजून उतरलं की व्यापारी म्हणतो, भित्रं हाय. मग तू काय बी कर."

आणि थरथरायचं कारण हा दिवा.

वळसंगच्या अलीकडून, मामांच्या वस्तीवरून आम्ही चारला निघालो. हौद्यात घोड्यांबरोबर त्यांचा पोरगा बसतो. मामांचा पोरगा नव्हे, घोड्यांचा. चौदा-पंधरा वर्षांचा असेल, घरात लग्नाच्या वरातीची घोडी बाळगणारे लोक, त्याला घोड्यांचं सगळं कळतं. शांती चौकात त्यानं पहिल्यांदा केबिनच्या मागच्या पत्र्यावर थाप मारली. मामांनी मान वळवून विचारलं. काचेच्या फटीतून तो म्हणाला, "ब्रेक मारला की आतला दिवा जातोय."

मामा म्हणाले, "जाऊ दे."

शिवाजी चौकापर्यंत त्यानं अकरा वेळा थाप मारली. मी मोजल्या. सोलापूरच्या चौकाचौकात, रिक्षा, हातगाड्या आणि मधेच वळणाऱ्या मोटरसायकली यांच्यात, ब्रेक म्हणजे श्वासासारखाच असतो. आणि प्रत्येक ब्रेकबरोबर मागून टापांचा धडधडाट.

दिवस असताना दिवा कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं ही गाडी आतून बघावी. हौद्याला सात फुटांपर्यंत चारी बाजूंनी पत्रा मारलाय, वर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री. उन्हात उभी असली तरी आत संध्याकाळ. घोड्याचे डोळे अंधारात आपल्यापेक्षा चांगले बघतात, पण उजेडातून अंधारात गेल्यावर त्यांना सरावायला बराच वेळ लागतो. म्हणून घोडी काळोख्या गाडीत पाय टाकत नाही. तिच्या लेखी ते भोक असतं, खोल किती कोण जाणे. मामांनी दिवा बसवून घेतला तो याचसाठी. वर कमानीला एलईडीची पट्टी, फाळक्याजवळ बटण. फाळका खाली सोडायचा, तो उतरंडीसारखा टेकला की दिवा लावायचा, घोडी आत बघते, फुरफुरते आणि चढते.

पण गाडी चालू असताना ब्रेकबरोबर दिवा जातो हे त्याहून वाईट. ब्रेक लागला की घोड्याचं सगळं वजन पुढं जातं. पुढचे पाय रोवायचे असतात, तोल सावरायचा असतो, आणि नेमका त्याच क्षणी काळोख. पाय सोडला की पुन्हा लख्ख. कार्तिकातल्या रात्री शंभरेक किलोमीटर हे असं चालणार असेल तर अकलूजला घोडी उतरणार नाही, घोडीचं भूत उतरेल.

पट्टी याआधी दोनदा बदलून झालीय. बटण एकदा. ज्यानं हौदा बांधला त्यानं पहिली पट्टी बदलली, गावातल्या वायरमननं दुसरी. दोघांनी गाडी उभी ठेवून बटण दाबून दाखवलं, दिवा लागला, पैसे घेतले.

अण्णा खालून बाहेर येतात. साठीच्या आसपास, बारीक, कपाळावर बॅटरीचा पट्टा. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गाडीशी शिव्या. वडील गिरणीत मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर पोरानं बॅटरीचं दुकान धरलं, हे मला नंतर चहावाल्याकडून कळतं. आत्ता ते हात पुसत ड्रायव्हरकडं बघतायत.

"तू काय बघितलास?"

ड्रायव्हर तरुण आहे आणि त्याच्याजवळ डिजिटल मीटर आहे; पिवळा, डॅशबोर्डच्या कप्प्यात, डॉक्टरच्या दाखल्याच्या शेजारी. (1978 च्या जनावर वाहतूक नियमांनुसार घोडे न्यायचे तर पशुवैद्याचा दाखला बरोबर हवा. मामा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोसारखा जपतात.) ड्रायव्हर म्हणतो, "पट्टीला करंट बरोबर येतोय अण्णा. बारा पॉइंट चार. फ्यूज चांगलाय. म्हणजे पट्टीच खराब."

"तिसरी पट्टी?"

ड्रायव्हर गप्प.

अण्णा हौद्यात चढतात. मीही. आत लीद, कडबा आणि डोळ्यांत जाणारा एक उग्र झोंबरा वास. खाली फळ्या, फळ्यांवर जाड रबर, साखर कारखान्यातून भंगारात निघालेला वाहक पट्टा. या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळं या पट्ट्यांनाही नाही. घसरत नाही, टापांनी फाटत नाही, झाडून धुवून निघतो.

अण्णा पट्टीची वायर बोटांनी चाचपत मागून पुढं येतात. पुढच्या कोपऱ्यात, वछेरीचं तोंड येतं त्या उंचीवर, बोटं थांबतात. काळी टेप. टेपच्या वर-खाली दातांचे ठसे.

"हे कुणाचं?"

"वछेरीनं चावली ती," पोरगा खालून सांगतो. "मागच्या महिन्यात. मामांनी जोडली."

मामा टायरवरून उठून येतात. अण्णा टेप सोलतात. आत तांब्याचे केस दोन बाजूंनी आणून नुसता पीळ मारलेला, अर्धे केस तुटके, काळवंडलेले.

"हेच!" ड्रायव्हर म्हणतो. खरं तर मलाही तेच वाटतं. इतकी वाईट दिसणारी गोष्ट सापडल्यावर आणखी कशाला शोधायचं?

अण्णा काही बोलत नाहीत. वायर कापून कोरी करतात, दोन्ही टोकांचे केस पंज्यासारखे पसरून एकमेकांत घालतात, पिळतात. कावियाचं टोक टेकवतात, डाख वितळून तांब्यात शिरतो, एक धुराची रेघ वर जाते. वर नळी चढवतात. तुटलेला दोरा मागावर सांधावा तसं काम. सांधा कुठं आहे ते बोटाला कळत नाही. मग म्हणतात, "ब्रेक."

दिवा जातो.

मामा पुन्हा टायरवर जाऊन बसतात.

अण्णांना मात्र वाईट वाटलेलं दिसत नाही. ते गाडीच्या मागं, आठ-दहा पावलांवर जाऊन उभे राहतात, कमरेवर हात ठेवून. "दिवे लाव गाडीचे. आता ब्रेक. सोड. उजवा साइड लाइट दे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बघतो. आणि इतका वेळ सगळे जण हौद्याच्या आत जे शोधत होते ते बाहेरून दिसतं. ब्रेक दाबला की ब्रेकचे दिवे जेमतेम लाल होतात, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, जे कुणी लावलेलेच नाहीत, मिणमिणतात. उजवा इंडिकेटर दिला की डावाही त्याच्याबरोबर फिकट उघडझाप करतो. आणि आतली पट्टी उलट चालते: इंडिकेटर पेटला की ती विझते, तो विझला की ती पेटते. मोहरमची रोषणाई असावी तसा सगळा खेळ.

अण्णा हसतात. दात पानानं लाल. "अर्थ," ते म्हणतात. एवढंच.

मग ड्रायव्हरच्या मीटरची पाळी येते. अण्णा त्याच्या हातातून तो घेतात, तसे आदरानं, आणि काळं टोक केबिनमागच्या चेसीवर कोरं लोखंड शोधून दाबून धरतात. लाल टोक माझ्या हातात देतात. "पट्टीच्या काळ्या वायरीला लावा."

"काळ्या?"

"काळ्या."

मी हौद्यात वाकून लावतो. मीटरवर शून्य पॉइंट काहीतरी.

"ब्रेक!"

आकडा उडी मारतो. 7.9.

"बघ," अण्णा ड्रायव्हरला म्हणतात. "काळ्या वायरीत आठ व्होल्ट. हिच्यात काय असायला पाहिजे?"

"काही नाही."

"मग? तू उभ्या गाडीला विचारलास, बरी आहेस का. ती म्हणाली बरी आहे. ब्रेक दाबून विचारायचं बे."

एव्हाना चहा आलाय. शेडच्या दुसऱ्या बाजूला ऊसाचा ट्रॅक्टर लागलाय, मागं दोन ट्रॉल्या एकापाठोपाठ. गाळप सुरू झालंय, आता चार-पाच महिने हे रस्ते यांचेच. ट्रॅक्टरवालाही चहा घेत ऐकायला उभा राहतो. अण्णा ग्लास बोनेटवर ठेवून सांगायला लागतात, आणि मला जे समजलं ते असं.

दिव्याला करंट देणारी वायर एक, आणि त्याच्यातून गेलेला करंट बॅटरीकडं परत नेणारी एक. घरात दोन्ही वायरी ओढतात. गाडीत परतीचं काम लोखंडाकडं असतं: दिव्याची काळी वायर जवळच्या लोखंडात बोल्टनं आवळायची, चेसी करंट बॅटरीच्या वजा टोकापर्यंत पोचवते. यालाच अर्थ म्हणतात. स्वस्तात काम. आमच्या गाडीत मागचे सगळे दिवे, ब्रेक, इंडिकेटर, टेल लाइट, यांच्या काळ्या वायरी एका बोल्टवर आणलेल्या आहेत. हौदा बांधणाऱ्यानं पट्टीची काळी वायर त्यांच्यातच घातली. आता तो एक बोल्ट गेला असेल तर सगळ्यांची परतीची वाट एकदम बंद.

"मग दिवा लागतोच कसा?" मामा विचारतात. रास्त प्रश्न.

"दुसऱ्याच्या घरातनं जातोय," अण्णा म्हणतात.

पट्टीतून निघालेला करंट काळ्या वायरीत येतो, बोल्टला रस्ता नाही. मग तो इंडिकेटरच्या काळ्या वायरीतून त्याच्या बल्बात उलटा शिरतो, त्याच्या पिवळ्या-हिरव्या वायरीनं पुढं जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बातून, ज्याचा अर्थ चांगला आहे, चेसीला भेटतो. पट्टीला लागतो चिमूटभर करंट, पाव अँपिअरच्या आसपास. तेवढ्यानं इंडिकेटरच्या बल्बाची तार गरमसुद्धा होत नाही. त्यामुळं उभ्या गाडीत सगळं झकास. पट्टी लख्ख, मीटर बारा पॉइंट चार, मेकॅनिक खूश. पण ब्रेक दाबला की 21 वॅटचे दोन बल्ब एकदम साडेतीन अँपिअर मागतात, आणि त्यांचाही परतीचा रस्ता तोच चोरवाटेचा. काळी वायर भरून वाहते. पट्टीला एका बाजूनं बारा आणि दुसऱ्या बाजूनं आठ. उरले चार. चार व्होल्टवर एलईडी डोळाही उघडत नाही.

"म्हंजे पट्टी बिचारी चांगली होती," मामा म्हणतात. मला वाटतं ते दोन पट्ट्यांचे पैसे मोजतायत.

"सगळ्या चांगल्या होत्या मालक. जाणारी वायर सगळे बघतात. येणारी कोण बघतंय?"

ट्रॅक्टरवाला मान हलवतो. त्याच्या ट्रॉलीचा मागचा दिवा खड्ड्यात गेला की बंद पडतो आणि बाहेर आला की लागतो. अण्णा त्याच्याकडं न बघता म्हणतात, "तुझा अर्थ हुकातनं येतोय. हुक उडाला की करंट उडाला. दोन वायरी टाक म्हणून गेल्या सीझनला सांगितलो." परदेशात मोटारीमागं घोड्याची ट्रेलर जोडतात तिथंही हे दुखणं जुनंच आहे, म्हणून तिकडच्या सात पिनांच्या प्लगात परतीची एक पांढरी वायर वेगळी दिलेली असते, जोडाच्या गोळ्यावर भरवसा ठेवत नाहीत. आपल्याकडं ट्रॉली कारखान्यापर्यंत पोचली की झालं. रात्री बिनदिव्याची ऊसाची ट्रॉली ज्यानं हायवेवर अगदी शेवटच्या क्षणी पाहिली असेल त्याला याहून जास्त सांगायला नको.

आता बोल्ट शोधायचा.

अण्णा पुन्हा गाडीखाली. पोरगा मोबाइलचा उजेड धरून त्यांच्या बरोबर. मी जमिनीला गाल लावून बघतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, फळ्यांच्या खाली, जिथं हौद्याची आडवी पट्टी चेसीवर येते, तिथं वायरींचा झुबका एका बोल्टपाशी जातो. बोल्ट ओला आहे. वरच्या रबराच्या काठानं कधीपासून झिरपतंय.

घोडी दिवसाला आठ-दहा लिटर मुतते. चालत्या गाडीत बहुतेक घोडे दम धरतात. गाडी थांबली, खाली भुसा दिसला की मोकळे होतात. रबर ते पाणी फळ्यांना लागू देत नाही, सरळ काठाकडं पाठवतं. गाडी उभी असताना मागं कलते, डावीकडं जास्त. म्हणजे प्रत्येक वेळी ते जाऊन पोचतं याच कोपऱ्यात. हौदा बांधणाऱ्यानं सगळ्या गाडीत अर्थचा बोल्ट मारायला जागा शोधली ती ही.

अण्णा दहाचा पाना लावतात. बोल्ट फिरत नाही. रॉकेलच्या बाटलीतून दोन थेंब. पुन्हा पाना. कर्र असा आवाज होतो आणि बोल्ट सुटत नाही, तुटतो. डोकं अण्णांच्या तळहातावर पडतं, त्याच्याबरोबर वायरींच्या टोकाचा लग, म्हणजे लग होता त्याचा उरलेला अर्धा.

ते सगळं बाहेर आणून बोनेटवर, चहाच्या ग्लासाशेजारी ठेवतात.

मी असा रंग पाहिलाय, पण गाडीत नाही. निळा-हिरवा, ओलसर, खडीसाखरेसारखे कण असलेला. मामा एका नजरेत ओळखतात.

"मोरचूद!"

द्राक्षवाल्याला मोरचूद सांगावं लागत नाही. मामांची दोन एकर बाग आहे. बोर्डो मिश्रणासाठी दरवर्षी मोरचूद आणि चुना कालवून त्यांची नखं निळी होतात. लघवी कुजली की अमोनिया होतो, तो डोळ्यांत झोंबणारा वास त्याचाच, आणि ओलावा-हवा मिळाली की अमोनिया तांबं विरघळवतो, निळं करून. बोनेटवर पडलंय ते तांब्याचंच. वायरीचं प्लॅस्टिक अण्णा नखानं सोलतात. टोकापासून वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलंय, दाबलं की केस भुगा होऊन गळतात. बाहेरून वायर अगदी कोरी दिसत होती.

घोडी लिंबाखाली मान वळवून इकडं बघते. तिच्या डोळ्यांवर एका ट्रकचा उजेड पडतो आणि ते क्षणभर हिरवट चमकतात.

"तुझंच काम हे," मामा तिला म्हणतात.

पुढचं काम भराभर होतं, निदान बघणाऱ्याला तसं वाटतं. अण्णा सडलेली वायर वीतभर नव्हे, हातभर कापून टाकतात. "डॉक्टर कापतो तसं. चांगलं दिसेपर्यंत." नवी जाड काळी वायर चेसीच्या आतल्या अंगानं पुढं नेतात, केबिनच्या मागं, जिथं घोडीचं पाणी या जन्मात पोचणार नाही. चेसीला छिद्र आहेच. भोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासतात. काळा जातो, मग तांबूस अस्तर, मग चांदीसारखं लोखंड. थांबत नाहीत, अजून घासतात. रंगावर आवळलेला बोल्ट महिनाभर चालतो, मग सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. दातेरी वॉशर, लग, बोल्ट, वर ग्रीसचा थापा. लगमध्ये वायर दाबून पुन्हा डाख. पट्टीची काळी वायर वेगळी काढून तिला स्वतंत्र अशीच वाट देतात. बॉडीच्या पत्र्याला जिथं वायर भोकातून जाते तिथं भोकाची धार वायरीला कापायला टेकलेली सापडते. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून तिथं बसवतात. वछेरीच्या तोंडापुढची वायर काळ्या पन्हळी नळीत जाते आणि नळी वर, छपराला लागून.

"खाईल ही पण," पोरगा म्हणतो.

"खाऊ दे. नळी खाईपर्यंत अकलूज येतंय."

मी एका गोष्टीत अडकलोय. हा माणूस पहिल्या दहा मिनिटांत ती चावलेली वायर पाहून "हेच" म्हणाला नाही. ड्रायव्हर म्हणाला होता, मलाही तेच वाटलं होतं. विचारतो.

अण्णा खांदे उडवतात. "ती वायर तुटली असती तर ब्रेकशी काय संबंध? दिवा गेला असता, नायतर हलला असता. ब्रेकबरोबर जातोय म्हटलो की ब्रेक आणि दिवा कुठंतरी भेटतात. कुठं भेटतात ते बघायचं." मग ड्रायव्हरकडं हात करून, "पण जोडलो की. चावलेली वायर बघून सोडून कसं द्यायचं?"

आठ वाजलेत. अण्णा मीटर पुन्हा ड्रायव्हरच्याच हातात देतात. "लाव आता तूच."

काळं टोक चेसीला, लाल टोक काळ्या वायरीला.

"ब्रेक," ड्रायव्हर म्हणतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की ब्रेकवर कुणी नाही. मी धावत जाऊन केबिनमध्ये बसतो, दाबतो.

"शून्य पॉइंट शून्य तीन!" मागून ओरडा येतो. "दाबलाय ना नक्की?"

दाबलाय. आरशात मागच्या पत्र्यावर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडलेला दिसतो; संध्याकाळी नव्हता एवढा. इंडिकेटर देतो. एकच बाजू, एकच ठेका.

मामा पैसे विचारतात. साडेतीनशे. मामा पाचशेची नोट पुढं करतात, अण्णा दीडशे परत देतात, मामा घेत नाहीत, अण्णा ते पोराच्या खिशात कोंबतात. ट्रॅक्टरवाला विचारतो, त्याचं कधी करणार. "उद्या. वायर घेऊन ये. दोन." दोन बोटं वर.

आता घोडी चढवायची. हीच खरी परीक्षा, कारण ती दोन तास गाडीत नव्हती आणि गाडीतले वास बदललेत; डाख, ग्रीस, अण्णा. फाळका खाली सोडतात. पोरगा मोरकी धरून पुढं. घोडी फाळक्याशी येते, थांबते, मान खाली घालून फळी हुंगते. आत पट्टी लावलेली आहे, पिवळट पांढरी, कडब्यावर सावल्या नाहीत. ती एक कान पुढं, एक मागं करते. कुणी ओढत नाही, कुणी मागून हाकत नाही. मामा फक्त जीभ टाळूला लावून एक आवाज काढतात. पुढचा उजवा खूर फाळक्यावर ठाक् करून पडतो. मग डावा. मग सगळी घोडी, फळ्या कुरकुरत. वछेरी तिच्या शेपटीला नाक लावून मागोमाग. आडवा दांडा लागतो, फाळका वर जातो, साखळ्या अडकतात.

"चलतो अण्णा."

"ऐका मालक." अण्णा फाळक्यावर बोट ठेवून म्हणतात. "गाडी धुताना खालनं पण पाणी मारा. वरनं तर सगळेच धुतात."

गाडी नाक्यावरून हायवेला लागते. ड्रायव्हर बोलत नाही, त्याचा मीटर डॅशबोर्डवर, कप्प्याच्या बाहेर. मी मधे बसलोय. मागच्या काचेतून हौद्यातला उजेड केबिनच्या छतावर चौकोन करून पडलाय. बाळ्याला मालट्रकांची रांग लागलेली, त्यात एक डबल ट्रॉली, मागं दिवा नाही, फक्त एक पोतं आणि त्यावर लाल रंगाची रेघ. ड्रायव्हरला ती उशिरा दिसते. ब्रेक, चांगला जोरात.

छतावरचा चौकोन हलतो, पण विझत नाही. मागून टापा वाजतात, दोन, तीन, आणि थांबतात. मी पत्र्यावरच्या थापेची वाट बघतो. मामाही बघतायत, त्यांनी मान अर्धी वळवलीय.

थाप येत नाही.

केगावच्या विद्यापीठापाशी मामा पिशवीतून डबा काढतात, कडक भाकरी मोडून त्यावर शेंगाचटणी टाकून माझ्या हातात देतात, ड्रायव्हरच्या तोंडाशी एक तुकडा धरतात. मग काच सरकवून तिसरा तुकडा मागं देतात. पोराचा हात येतो, भाकरी घेतो. त्याच्या मागोमाग वछेरीचं ओलं नाक काचेला टेकतं आणि वाफेचा एक गोल उमटतो.

"तिला नको देऊ," मामा म्हणतात. "तिखट हाय."

मोहोळ अजून वीसेक किलोमीटर आहे.